स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, इ.स. १८१७ - ४ सप्टेंबर, इ.स. १८६३) हे नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश ख्रिस्ती धर्मप्रचारक, शिक्षक आणि हौशी भूवैज्ञानिक होते. व्यवसायाने ते भूवैज्ञानिक नव्हते. खडक, खनिजे आणि जीवाश्म गोळा करणे हा त्यांचा फावल्या वेळेतील छंद होता. या छंदातून विदर्भ आणि लगतच्या प्रदेशातील प्राचीन जीवसृष्टीचे पहिले व्यवस्थित चित्र उभे राहिले. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातील शंख, कामठीच्या वालुकाश्मातील पानांचे ठसे आणि मांगली येथील उभयचर प्राण्याची कवटी हे त्यांच्या संग्रहातील महत्त्वाचे नमुने होत. मध्य भारतातील आदिवासी जमातींविषयीची त्यांची टिपणेही मोलाची मानली जातात. नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ ओळखले जाते.

जन्म व शिक्षण

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील पाथरवट होते. स्थानिक चर्चच्या कारभारातही ते वडीलधारे म्हणून भाग घेत. स्टीफन यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हिस्लॉप हेही पुढे धर्मोपदेशक व लेखक म्हणून प्रसिद्ध झाले. स्टीफन यांचे उच्च शिक्षण एडिंबरा व ग्लासगो येथील विद्यापीठांत झाले.

त्या काळी स्कॉटलंडमध्ये भूविज्ञान हा केवळ प्राध्यापकांचा विषय राहिला नव्हता. ह्यू मिलर यांच्यासारखा खाणीत दगड फोडणारा कारागीर जीवाश्मांवर लिहून नावारूपाला आला होता. धर्मोपदेशक, वैद्य आणि शाळामास्तर सुटीच्या दिवशी हातोडी घेऊन डोंगरदऱ्यांत हिंडत असत. निसर्गाचे निरीक्षण हा धर्मचिंतनाचाच एक भाग आहे, असे मानणारा मोठा वर्ग तेथे होता. हिस्लॉप याच वातावरणात वाढले.

इ.स. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. हिस्लॉप या नव्या संस्थेत गेले आणि तिच्या वतीने हिंदुस्थानात जाण्याचे त्यांनी ठरविले. इ.स. १८४४ मध्ये त्यांचा इरॅस्मा हल यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी पतिपत्नी हिंदुस्थानाकडे निघाले.

नागपूर येथील कार्य

हिस्लॉप इ.स. १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरावर तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते आणि इंग्रजांचा रेसिडेंट दरबारी राहत असे. इंग्रजी फौजेची छावणी जवळच्या कामठी येथे होती. हिस्लॉप यांनी मराठी भाषा आत्मसात केली आणि इ.स. १८४६ मध्ये शाळा सुरू केली. इंग्रजी व मराठी शिक्षण देणारी ही शाळा हळूहळू वाढत गेली. धर्मांतराच्या प्रश्नावरून मिशनचे दरबाराशी आणि शहरातील लोकांशी खटकेही उडाले. तरीही शाळेत मुलांना पाठविणारे पालक टिकून राहिले.

इ.स. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे तरुण धर्मप्रचारक त्यांच्या मदतीला आले. हंटर यांनाही निसर्गशास्त्राची आवड होती. पावसाळा संपला की दोघे बैलगाडी व तंबू घेऊन खेडोपाडी प्रचारदौऱ्यावर निघत. या दौऱ्यांत ओढ्यांचे काठ, विहिरींची खोदाई आणि दगडांच्या खाणी सहज नजरेस पडत. प्रचारासाठी निघालेल्या वाटेवर खडकांचे निरीक्षण ही त्यांची सवयच बनली.

इ.स. १८५३ मध्ये रघूजी भोसले यांचे निधन झाले आणि त्यानंतर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. इ.स. १८५७ च्या जून महिन्यात नागपूर येथे उठावाची तयारी झाली होती. एका मुसलमान परिचिताने हिस्लॉप यांना त्याची आगाऊ सूचना दिली आणि ती त्यांनी अधिकाऱ्यांना कळविली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यामुळे इंग्रजांच्या दृष्टीने त्यांचे वजन वाढले. उठावात सहभागी झालेल्या अनेकांना मात्र नागपुरात प्राणास मुकावे लागले.

खडक आणि जीवाश्मांचा शोध

नागपूरची भूमी भूविज्ञानाच्या दृष्टीने विलक्षण आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्व सीमा येते. उत्तरेला व पूर्वेला अतिप्राचीन रूपांतरित खडक आहेत. कामठीपासून दक्षिणेकडे वर्धा-गोदावरीच्या खोऱ्यात वालुकाश्म आणि कोळशाचे थर पसरले आहेत. एका दिवसाच्या चालीत इतके निरनिराळे खडक पाहावयास मिळण्याची ठिकाणे फार थोडी असतात.

इ.स. १८५१ च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेस दोन-तीन मैलांवर असलेल्या टाकळी गावाजवळ हिस्लॉप आणि हंटर यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या एका पातळ थरात शंख आढळले. ते समुद्रातील नव्हते. तळ्यात किंवा डबक्यात राहणाऱ्या गोगलगायींचे ते शंख होते. यापूर्वी जे. जी. माल्कमसन यांनी दक्षिणेकडील निर्मळच्या बाजूच्या डोंगरांतून असे शंख नोंदविले होते. मात्र नागपूर परिसरात या थराचा गावोगाव माग काढण्याचे काम हिस्लॉप व हंटर यांनी केले. टाकळी येथे शंखांबरोबर फळे, बिया, लाकडाचे तुकडे, कीटकांचे अवशेष आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडेही सापडली. इ.स. १८१७ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीतही लाव्हाच्या दोन थरांमध्ये हाच पातळ थर त्यांनी दाखवून दिला.

या थरांना आज आंतरट्रॅपी थर म्हणतात. दख्खनचा लाव्हा एका वेळी वाहून आलेला नाही. एक प्रवाह थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत पुष्कळ काळ लोटत असे. त्या अवधीत पृष्ठभागावर तळी साचत, झाडे उगवत आणि प्राणी वावरत. नंतरच्या लाव्हाने हे सारे झाकून टाकले. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाने शंखांची व बियांची जागा घेतली आणि त्यांचे गारगोटीसारख्या कठीण दगडात रूपांतर झाले. त्यामुळेच टाकळीच्या बियांची अंतर्रचनासुद्धा टिकून राहिली.

दुसरे महत्त्वाचे क्षेत्र कामठीजवळील सिलेवाडा आणि भोकारा येथील वालुकाश्मांचे होते. तेथे ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. अशीच पाने ऑस्ट्रेलियातील कोळशाच्या थरांतही सापडत होती. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथे लाल वालुकाश्मात एका उभयचर प्राण्याची रुंद कवटी मिळाली. तिच्यासोबत एस्थेरिया या शिंपल्यासारखे कवच असलेल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याचे असंख्य अवशेष होते. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील मोठ्या प्राण्यांची हाडे आणि मालेरी येथील मासे व सरीसृप यांचे अवशेषही हिस्लॉप यांच्या प्रयत्नांमुळे अभ्यासकांच्या नजरेस आले.

नमुने आणि त्यांचे अभ्यासक

नागपुरात त्या काळी तुलनेसाठी संग्रहालय नव्हते, विषयाचे ग्रंथालय नव्हते आणि मार्गदर्शन करणारा तज्ज्ञही नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था इ.स. १८५१ मध्ये कलकत्त्याला नुकतीच स्थापन झाली होती. हिस्लॉप यांनी म्हणून दुहेरी मार्ग धरला. थरांची रचना व स्थाने यांचे वर्णन ते स्वतः लिहीत आणि नमुने त्या त्या विषयाच्या जाणकारांकडे पाठवीत. प्रत्येक नमुना कोणत्या गावी, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबत सापडला, याची ते नोंद ठेवीत. संग्रहाचे खरे मूल्य या नोंदींत आहे. ठिकाण न लिहिलेला शंख शोभेची वस्तू होऊन राहतो. ठिकाण व थर लिहिलेला शंख मात्र पुरावा ठरतो.

हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील व जीवाश्मांवरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात इ.स. १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मांगलीच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले आणि त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. ओवेन हे डायनोसॉर ही संज्ञा घडविणारे शरीररचनाशास्त्रज्ञ होत. कीटकांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी इ.स. १८६० मध्ये, तर पानांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी इ.स. १८६१ मध्ये केले. शंखांचे वर्णन हिस्लॉप यांनी स्वतःच इ.स. १८६० मधील निबंधात केले.

हंटर यांना प्रकृतीच्या कारणामुळे इ.स. १८५५ मध्ये मायदेशी परतावे लागले. पुढे ते एका बहुखंडी इंग्रजी ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादक म्हणून प्रसिद्ध झाले. नागपूरचे शोधकार्य हिस्लॉप यांनी त्यानंतर बहुतांशी एकट्याने चालविले.

मतभेद आणि नंतरचे निष्कर्ष

हिस्लॉप यांचे सर्वच निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकले नाहीत. कोळशाच्या व ग्लॉसोप्टेरिसच्या थरांचे वय त्यांनी ज्युरासिक कालखंडात बसविले होते. त्यांच्यासमोर युरोपातील जीवाश्मांचीच मोजपट्टी होती आणि ग्लॉसोप्टेरिस तर युरोपात सापडतच नव्हते. आज हे थर त्याहून बरेच जुने, मुख्यत्वे पर्मियन कालखंडातील मानले जातात. मांगलीचे थर त्यांच्यानंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या आरंभी ठेवले जातात.

लाव्हाविषयीचे त्यांचे एक मत तर पूर्णपणे सोडून द्यावे लागले. शंखांच्या थराखालचा लाव्हा हा नंतर जमिनीखालून आत घुसलेला असावा, असे हिस्लॉप व हंटर यांनी मानले होते. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी पुढच्या दशकात दाखवून दिले, की लाव्हाचे प्रवाह एकावर एक क्रमाने पसरले असून त्यांच्या दरम्यान वेगवेगळ्या काळी वेगवेगळी तळी निर्माण झाली होती.

आंतरट्रॅपी थरांच्या वयाचा वाद मात्र दीर्घकाळ चालला. शंखांवरून हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक कालखंडाच्या आरंभीचे, म्हणजे इओसीन काळातील ठरविले. विसाव्या शतकात बिरबल साहनी यांनीही ताडवर्गीय वनस्पतींच्या पुराव्यावरून असेच मत मांडले. किरणोत्सर्गी मापनाची साधने उपलब्ध झाल्यावर आणि आंतरट्रॅपी थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाल्यावर दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले. म्हणजे क्रिटेशस कालखंडाचा शेवट आणि तृतीयकाचा आरंभ यांच्या सीमेवर हे उद्रेक झाले. डायनोसॉरांचा नाश आणि दख्खनचे उद्रेक यांच्या संबंधाचा आज जगभर अभ्यास होतो. त्यात नागपूर परिसरातील थरांना स्थान आहे. निष्कर्ष बदलले, तरी हिस्लॉप यांनी दाखविलेली ठिकाणे आणि जमविलेले नमुने निरुपयोगी झाले नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्यांच्या नावाने ओळखले जाणारे जीव व खनिजे

शास्त्रीय जगतात एखाद्या संशोधकाचा गौरव त्याचे नाव जीवाला किंवा खनिजाला देऊन केला जातो. सॅम्युअल हॉटन यांनी इ.स. १८५९ मध्ये नागपूर परिसरातील एका हिरव्यागार खनिजाला हिस्लोपाइट आणि दुसऱ्या मातकट खनिजाला हंटराइट असे नाव दिले. पुढील परीक्षणात हिस्लोपाइट हे स्वतंत्र खनिज नसून हिरव्या मृण्मय द्रव्याने रंगलेले कॅल्साइट असल्याचे आढळले. हंटराइटही स्वतंत्र खनिज म्हणून टिकले नाही. त्यामुळे ही दोन्ही नावे खनिजांच्या मान्य यादीत आज नाहीत.

जीवांची नावे अधिक टिकाऊ ठरली. मुंबईचे वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ हेन्री कार्टर यांनी इ.स. १८५८ मध्ये गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवंत प्राण्याच्या प्रजातीला हिस्लोपिया हे नाव दिले. ते अद्याप रूढ आहे. नेगेराथिऑप्सिस हिस्लोपाय हे गोंडवनी कोळशाच्या थरांत आढळणाऱ्या पट्टीसारख्या लांब पानांचे नाव आहे. मालेरी येथील फुप्फुसमाशाच्या दातांना टॉमस ओल्डहॅम यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले. सुसरीसारख्या दिसणाऱ्या पॅरासुकस हिस्लोपाय या ट्रायासिक सरीसृपाचे नामकरण रिचर्ड लायडेकर यांनी इ.स. १८८५ मध्ये केले. मूळ नमुने अपुरे असल्याने या नावाविषयी पुढे शंका निर्माण झाली. इ.स. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने अधिक परिपूर्ण सांगाड्याला प्रमाण नमुना म्हणून मान्यता दिली आणि हे नाव कायम राहिले.

आदिवासी जीवनाचा अभ्यास

हिस्लॉप यांनी गोंड व इतर आदिवासी जमातींच्या भाषा, चालीरीती आणि देवदेवता यांची माहिती मिळविली. निरनिराळ्या बोलींतील शब्दांच्या तुलनात्मक याद्या त्यांनी केल्या. गोंडांच्या लिंगो या पूर्वजाची मौखिक गाथा प्रधान गायकाकडून उतरवून घेण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. ही टिपणे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे संपादन करून इ.स. १८६६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रकाशित केली. लिखित साहित्य नसलेल्या समाजाची कथा तिच्या मूळ भाषेत जतन होण्याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण आहे.

मृत्यू

इ.स. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये हिस्लॉप हे टेंपल यांच्या दौऱ्यात सहभागी झाले होते. मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे होता. ४ सप्टेंबर रोजी ते जवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले. तेथील खोदकामात निघालेल्या वस्तू पाहून आणि गावातील शाळेला भेट देऊन ते संध्याकाळी घोड्यावरून एकटेच परत निघाले. वाटेतील ओढा सकाळी सहज ओलांडता आला होता. दरम्यान नदीच्या पुराचे पाणी ओढ्यात तुंबले होते. रात्री त्यांचा घोडा स्वाराविना मुक्कामी आला. शोध घेतला असता त्यांचा मृतदेह पाण्यात सापडला. त्यांच्या वयाला शेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्यांचे दफन नागपूर येथे झाले. मध्य भारतातील सरीसृपांच्या दातांवरील व हाडांवरील त्यांचे टिपण इ.स. १८६४ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

टाकळघाट येथे सुमारे एका शतकानंतर नागपूर विद्यापीठाने शास्त्रशुद्ध उत्खनन केले. विदर्भातील लोहयुगीन महापाषाण संस्कृतीचे ते एक प्रमुख स्थळ ठरले.

वारसा

मिशनच्या शाळेच्या परंपरेतून इ.स. १८८३ मध्ये नागपूर येथे महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इ.स. १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी जमविलेल्या जीवाश्मांपैकी महत्त्वाचे नमुने लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत.

ज्या टाकळीमुळे त्यांचे नाव झाले, तो परिसर आता नागपूर शहरात सामावला आहे. तेथील मूळ थर पाहणे आज कठीण झाले आहे. वस्ती, रस्ते आणि खाणकाम यांमुळे अशी अनेक जीवाश्मस्थळे लुप्त होत असल्याने जुन्या संग्रहांचे व त्यांच्यासोबतच्या नोंदींचे महत्त्व वाढले आहे.

दगड जमविण्याच्या छंदाची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या पश्चिम भागात दिसते. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत लाव्हाचे थर अतिशय जाड आहेत आणि त्यांत जीवाश्मयुक्त थर क्वचितच आढळतात. मात्र लाव्हातील वायूंच्या बुडबुड्यांनी मागे ठेवलेल्या पोकळ्यांत गरम पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट यांसारख्या खनिजांचे सुंदर स्फटिक तयार झाले आहेत. नाशिकजवळच्या पांडवलेण्याच्या डोंगराच्या परिसरातील खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे इ.स. २००१ मध्ये सुरू झालेल्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने पाहावयास मिळतात. एकाच दख्खनच्या पाषाणाने पूर्व टोकाला शंख व बिया जपल्या आणि पश्चिमेला स्फटिक घडविले. पूर्वेकडील त्या ठेव्याची पहिली सविस्तर नोंद करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे स्थान अग्रभागी आहे.